पाच खिंडी आणि एक भाषा : कूनेओ–पिनेरोलो मार्गाचा इतिहास

१

खेळांच्या इतिहासास आपल्याकडील इतिहासलेखनात अद्याप फारसे स्थान मिळालेले नाही. शर्यत कोणी जिंकली आणि किती वेळात जिंकली, हे सांगणे वृत्तपत्राचे काम मानले जाते, व ते बहुतांशी योग्यही आहे. परंतु लांब पल्ल्याची सायकल शर्यत एका बाबतीत इतर खेळांहून भिन्न आहे. तिला स्वतःचे क्रीडांगण नसते. ती सार्वजनिक रस्त्यावरून जाते. तो रस्ता कोणी, केव्हा व कशासाठी बांधला, त्यावरून पूर्वी कोण चालले, वाटेतील गावे कोणत्या राज्यात होती आणि कोणती भाषा बोलत होती, हे प्रश्न निःसंशय इतिहासाचे आहेत. प्रस्तुत लेखात अशाच एका मार्गाचा विचार करावयाचा आहे.

हा मार्ग इटलीच्या वायव्य भागातील पीएमोंते प्रांतात, कूनेओ या शहरापासून निघतो. आल्प्स पर्वताच्या पाच खिंडी तो ओलांडतो, मध्यंतरी फ्रान्सच्या हद्दीत शिरतो, पुन्हा इटलीत उतरतो आणि पिनेरोलो येथे संपतो. त्याची लांबी २५४ किलोमीटर आहे. दिनांक १० जून १९४९ रोजी 'जीरो दितालिया' या इटलीच्या राष्ट्रीय सायकल शर्यतीचा एक टप्पा या मार्गाने झाला व फाउस्तो कोप्पी याने तो जिंकला. सायकलच्या इतिहासात ज्यांच्याविषयी इतके लिहिले गेले असे दिवस थोडेच असतील. त्या लिखाणात कोप्पी आहे, त्याचा प्रतिस्पर्धी जीनो बार्ताली आहे, पाऊस आणि चिखल आहे. मार्गाचा वृत्तान्त मात्र क्वचितच आढळतो. खिंडींची नावे येतात ती उंचीच्या आकड्यांसह, जणू त्या चढण्यासाठीच रचलेल्या पायऱ्या होत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, या पाच खिंडी एकाच भाषेच्या, आणि बऱ्याच अंशी एकाच लोकजीवनाच्या, प्रदेशातील दारे होती. १७१३ च्या तहाने आणि पुढील युद्धांनी त्यांतील काही दारांच्या भिंती केल्या. १९४९ च्या शर्यतीने, तसा कोणाचाही हेतू नसताना, त्या विभागलेल्या प्रदेशाला एक प्रदक्षिणा घातली.

२

प्रारंभी शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल; कारण डोंगरातील वाटेस लोक काय म्हणतात, यावरून ते तिच्याकडे कसे पाहतात हे कळते. आपल्या 'खिंड' या शब्दात खंडाचा, म्हणजे डोंगररांगेतील तुटीचा, अर्थ जाणवतो. फ्रेंच भाषेतील 'कोल' हा शब्द लॅटिन 'कोल्लुम्', म्हणजे मान, यावरून आला. दोन शिखरांमधील भाग हा मानेसारखा खोलगट दिसतो. पिरेनीज पर्वतात खिंडीस 'पोर' म्हणतात. तो लॅटिन 'पोर्तुस्' या शब्दापासून झाला असून स्पॅनिश 'पुएर्तो' हा शब्द आजही बंदर आणि खिंड या दोहोंसाठी वापरला जातो. बंदर हे समुद्राचे दार व खिंड हे डोंगराचे दार, अशी ही कल्पना होय. जर्मन भाषिक आल्प्समध्ये खिंडीस 'योख' असा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ बैलांच्या मानेवरील जू असा असून, संस्कृत 'युग' व मराठी 'जू' हे त्याचे सगोत्र शब्द आहेत. जू दोन बैलांना जोडते. खिंड दोन दऱ्यांना जोडते. मान, दार आणि जू या तिन्ही प्रतिमांत विभागणीपेक्षा जोडणीचाच भाव अधिक आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

इटालियन भाषेत या संबंधात एक मौजेची गोष्ट घडली आहे. 'कोल्ले' या एकाच रूपाचे तेथे दोन शब्द आहेत. एक लॅटिन 'कोल्लिस्' पासून आला. त्याचा अर्थ टेकडी. दुसऱ्याच्या मुळाशी उपरिनिर्दिष्ट 'कोल्लुम्' आहे. त्याचा अर्थ खिंड. पीएमोंते प्रांतात हे दोन्ही शब्द नित्य वापरात आहेत. तोर्तोना शहराभोवतीच्या टेकड्यांवरील वाइन 'कोल्ली तोर्तोनेसी' या नावाने विकली जाते. आणि फ्रान्सच्या सीमेवरील खिंडीस 'कोल्ले देल्ला माद्दालेना' म्हणतात. द्राक्षमळ्यांची टेकडी आणि बर्फाची खिंड या दोहोंना कानाला एकच भासणारा शब्द असावा हा ध्वनिपरिवर्तनाचा योगायोग आहे, त्यात गूढ असे काही नाही. तथापि पीएमोंतेचा लोकजीवनाचा इतिहास पाहता हा योगायोग अर्थपूर्ण वाटू लागतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

आणखी एका शब्दाचा उल्लेख आवश्यक आहे. 'आल्प' या शब्दाचा स्थानिक लोकांच्या बोलीतील अर्थ उन्हाळ्यात गुरे चारण्याचे उंचावरील कुरण एवढाच आहे. खालून पाहणाऱ्या परकीयांनी त्यावरून सबंध पर्वतास 'आल्प्स' हे नाव दिले. सह्याद्रीच्या बाबतीत नेमके हेच झाले. 'घाट' म्हणजे डोंगर चढण्या-उतरण्याची वाट. युरोपीयांनी ते नाव सबंध पर्वतरांगेस लावले व 'पश्चिम घाट' ही संज्ञा रूढ केली. डोंगरातील माणसाने आपल्या उपयोगाच्या गोष्टीला नाव दिले आणि बाहेरच्याने ते नाव आपल्यासमोरील अडथळ्याला लावले, असे या दोन्ही उदाहरणांत दिसते.

३

आता प्रदेशाकडे वळू. कूनेओ या नावाचा अर्थ पाचर असा आहे. स्तूरा आणि जेस्सो या दोन नद्यांच्या मधल्या पाचरीसारख्या पठारावर हे शहर वसले आहे. स्तूरेच्या दरीतून वर गेले की माद्दालेनाची खिंड लागते (१,९९६ मीटर). पलीकडे उबाय नदीची दरी व बार्सेलोनेत हे गाव. तेथून व्हारची खिंड (सुमारे २,१०८ मीटर) ओलांडून गिएस्त्र येथे उतरावयाचे. मग केरासच्या दरीतून इझोआर (२,३६० मीटर) चढून ब्रियांसाँ शहरी यावयाचे. ब्रियांसाँहून माँजनेव्र (सुमारे १,८५० मीटर) ओलांडले की पुन्हा इटली; तेथून सेस्त्रीएरे (२,०३५ मीटर) चढून किसोने नदीच्या दरीने पिनेरोलोस उतरता येते.

कूनेओ आणि पिनेरोलो या दोन्ही शहरांची परंपरागत बोली पीएमोंतेझ आहे. परंतु या दोन टोकांमधील जवळजवळ सर्व दऱ्यांची मूळ भाषा ऑक्सितान होय. दक्षिण फ्रान्समधील मध्ययुगीन त्रुबादूर कवींच्या भाषेचीच ही आल्पीय शाखा आहे. तिचे एक लक्षण सहज ध्यानात येण्यासारखे आहे. लॅटिन शब्दांच्या प्रारंभीचा 'का' हा ध्वनी या शाखेत 'चा' असा झाला. बकरीस इटालियनमध्ये 'काप्रा', पीएमोंतेझमध्ये 'क्रावा' म्हणतात. या दऱ्यांत मात्र 'चाब्रो'. गाणे या क्रियेस इटालियन 'कान्तारे', येथे 'चान्तार'. हा ध्वनिबदल स्तूरेच्या दरीत आहे, उबायमध्ये आहे, केरास व ब्रियांसाँ येथे आहे आणि किसोनेच्या वरच्या दरीतही आहे. सारांश, पर्वताच्या कण्यावर येथे भाषेची सीमा नाही. ती पूर्वेच्या पायथ्याशी, जेथे दऱ्या मैदानाला मिळतात तेथे आहे. डोंगर चढताना भाषा बदलते. खिंड ओलांडताना बदलत नाही.

हे असे का असावे, याचे उत्तर मध्ययुगीन इतिहासात मिळते. १३४३ साली दोफिने प्रांताचा अधिपती दुसरा उंबेर याने ब्रियांसाँच्या भोवतालच्या ग्रामसमूहांस मोठ्या रकमेच्या मोबदल्यात एक सनद करून दिली. तिच्यान्वये हे लोक सरंजामी बंधनांतून मुक्त झाले; कराची वाटणी ते आपसांत करू लागले. या वाटणीवरून त्यांच्या संघटनेस 'एस्कार्तों' हे नाव पडले. ब्रियांसाँ, केरास, उल्क्स, प्राजेलातो व कास्तेलदेल्फीनो असे एकूण पाच एस्कार्तों होते. पहिले दोन आजच्या फ्रान्समध्ये व उरलेले तीन आजच्या इटलीत आहेत. त्यांच्या दृष्टीने माँजनेव्रची खिंड ही घराच्या मध्यभागीची ओसरी होती. हिवाळ्यात शेतीचे काम थांबले की येथील पुरुष शाळामास्तर म्हणून खालच्या प्रदेशात जात. जत्रेत टोपीवर पीस खोवून ते उभे राहत, अशी परंपरा सांगतात: वाचन शिकविणाऱ्याचे एक पीस, लेखनही शिकविणाऱ्याची दोन, आणि लॅटिन जाणणाऱ्याची तीन.

व्यापाराची साक्षही अशीच आहे. सालुझ्झोचा मार्कीस दुसरा लुदोव्हीको याने १४८० च्या सुमारास मोंव्हिझो पर्वताजवळ सुमारे २,८८० मीटर उंचीवर सुमारे ७५ मीटर लांबीचा बोगदा खोदविला. प्रोव्हान्सचे मीठ केरासमार्गे पो नदीच्या खोऱ्यात आणणे हा त्याचा हेतू होता. आल्प्सच्या कण्याखालून आरपार गेलेला हा सर्वांत जुना बोगदा मानला जातो. खेचरे जेमतेम जाऊ शकतील एवढ्या या भोकासाठी त्या काळी इतका खटाटोप करण्यात आला, यावरून डोंगरापलीकडील संबंधांचे मोल कळते.

द्राक्षमळ्यांच्या टेकड्या या व्यवहारात कोठे येतात? कूनेओच्या ईशान्येस लांगे, रोएरो आणि मोंफेर्रातो हा टेकड्यांचा प्रदेश पसरला आहे. बारोलो व बार्बारेस्को या प्रसिद्ध वाइन तेथील होत. २०१४ साली युनेस्कोने या भूप्रदेशास जागतिक वारशाचा दर्जा दिला. या टेकड्यांवरील शेतकरी द्राक्षांची तोडणी संपल्यावर 'बान्या काउदा' नावाचे एक गरम कालवण करतात. त्यात लसूण, तेल आणि खारविलेले आंचोव्ही मासे असतात. समुद्र दूर, मग मासे कोण आणी? स्तूरेच्या उत्तरेस असलेल्या माइरा दरीतील ऑक्सितान भाषिक डोंगरकरी. उंचावरील तुटपुंजी शेती आटोपल्यावर शरद ऋतूत ते हातगाड्या घेऊन खाली उतरत आणि हिवाळाभर गावोगाव आंचोव्ही विकत. तेव्हा टेकडीवरील सुगीचे जेवण डोंगरातील माणसाच्या हिवाळी उपजीविकेवर आधारलेले होते. दोन्ही 'कोल्ले' एकमेकांना अशा रीतीने ओळखत होते.

४

१७१३ साली उत्रेख्त येथे युरोपातील राजांनी स्पेनच्या वारसायुद्धाचा शेवट केला. फ्रान्सचा चौदावा लुई व सॅव्हॉयचा ड्यूक यांच्यातील तहात आल्प्सची सीमा ठरविताना एक नवे तत्त्व लावण्यात आले: पाणी ज्या बाजूस वाहते त्या बाजूच्या राजाचा मुलूख. त्यानुसार पीएमोंतेकडे उतरणाऱ्या उल्क्स, प्राजेलातो आणि कास्तेलदेल्फीनो या तीन एस्कार्तोंच्या दऱ्या सॅव्हॉयकडे गेल्या. आणि १३८८ पासून सॅव्हॉयकडे असलेली बार्सेलोनेतची दरी फ्रान्सला मिळाली.

या तहाचा आपल्या पाच खिंडींवर झालेला परिणाम तपशिलाने पाहण्यासारखा आहे. तहापूर्वी माद्दालेनाच्या दोन्ही बाजू सॅव्हॉयच्या होत्या. तेथे सीमा नव्हती. सीमा होती ती व्हारच्या खिंडीवर. इझोआर, माँजनेव्र व सेस्त्रीएरे या तिन्ही फ्रान्सच्या राज्यांतर्गत होत्या. तहानंतर व्हारची सीमा नाहीशी झाली. माद्दालेना आणि माँजनेव्र या दोन खिंडी मात्र सीमा बनल्या. डोंगर तोच, वाटा त्याच, बोलीही तीच. परंतु एका लेखणीच्या फटकाऱ्याने दार कोणते व भिंत कोणती याची अदलाबदल झाली. माद्दालेनाच्या खिंडीस आजही तीन नावे आहेत. फ्रेंच तिला आपल्या बाजूच्या शेवटच्या गावावरून लार्शची खिंड म्हणतात. इटालियन नाव मेरी मॅग्डलीनवरून आहे. आणि जुन्या ग्रंथांत इटलीच्या बाजूच्या आर्जेंतेरा गावावरून तिला आर्जांतिएरची खिंड म्हटलेले आढळते. १५१५ साली पहिला फ्रान्स्वा आपली सेना घेऊन इटलीत उतरला तो याच वाटेने.

सीमा आली की किल्ले येतात व किल्ल्यांमागून रस्ते येतात. किसोनेच्या दरीत फेनेस्त्रेल्ले येथे सॅव्हॉयच्या राजाने १७२८ मध्ये एका प्रचंड दुर्गाचे बांधकाम आरंभिले. डोंगराच्या सोंडेवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला हा दुर्ग पूर्ण होण्यास शतकाहून अधिक काळ लागला. माँजनेव्रचा गाडीरस्ता नेपोलियनच्या राजवटीत झाला. त्याच्या स्मरणार्थ खिंडीत एक स्तंभ उभारण्यात आला व त्यावरील लेख लॅटिन, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश अशा चार भाषांत कोरण्यात आला. ज्या लोकांच्या अंगणात तो उभा होता त्यांची भाषा मात्र त्यांत नव्हती. इझोआरचा रस्ता १८९० च्या दशकात फ्रेंच लष्कराने बांधला; इटली त्या वेळी जर्मनी व ऑस्ट्रिया यांच्या गोटात होती, हे त्याचे कारण. ज्या वळणांचे सौंदर्य आज सायकलपटू वाखाणतात ती वळणे मुळात तोफा वर नेता याव्यात म्हणून आखलेली होती.

या तयारीची परिणती १९४० साली झाली. १० जून रोजी इटलीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले व त्या महिन्याच्या उत्तरार्धात इटालियन सेनेने याच खिंडींवर हल्ला चढविला. माँजनेव्रच्या माथ्यावर शाबर्तों नावाचे ३,१३१ मीटर उंचीचे शिखर आहे. त्यावर इटलीने आठ तोफांचे ठाणे बांधले होते. २१ जून रोजी फ्रेंच तोफखान्याने ते निकामी केले. हल्लेखोरांना फारशी भूमी मिळाली नाही; थंडीने गारठून निकामी झालेले सैनिक मात्र पुष्कळ होते. सप्टेंबर १९४३ मध्ये, इटलीने शस्त्रसंधी केल्यानंतर, फ्रान्समध्ये आश्रयास असलेले सुमारे एक हजार ज्यू कूनेओच्या दक्षिणेकडील दोन उंच खिंडी पायी ओलांडून इटलीत आले. त्यांत लहान मुले व वृद्ध होते. पलीकडे सुरक्षितता मिळेल ही त्यांची अपेक्षा होती. परंतु जर्मन सेना तेथे आधीच पोहोचली होती. त्यांपैकी सुमारे ३५० जणांना बोर्गो सान दाल्मात्सो येथे कोंडण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये बहुतेकांची रवानगी पुढे ऑश्विट्झला झाली. कूनेओहून माद्दालेनाकडे निघाल्यावर पहिले गाव लागते ते हेच.

५

सायकल या डोंगरांत आली ती खालून, टेकड्यांकडून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पीएमोंतेच्या द्राक्षप्रदेशातील शेती लहान लहान तुकड्यांत विभागलेली होती. घोडा किंवा मोटार न परवडणाऱ्या कुटुंबास सायकल परवडे. टेकड्यांच्या त्या प्रदेशात सपाट रस्ता सहसा सापडत नाही. बाजारास जाणे म्हणजे दोन-तीन चढ चढणे. फाउस्तो कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी तोर्तोनाच्या टेकड्यांवरील कास्तेल्लानिया या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. लहान वयातच तो नोव्ही लीगुरे येथे एका मांसविक्रेत्याच्या दुकानी कामास लागला व सायकलवरून घरोघर माल पोहोचवू लागला. नोव्ही लीगुरे हे शर्यतींच्या जगात आधीच नावाजलेले गाव होते. कोस्तान्ते जिरार्देंगो हा थोर सायकलपटू तेथलाच. आणि बियाजो काव्हान्ना हा अंध मर्दनकार व प्रशिक्षकही तेथे राहत असे. स्नायूंना हात लावून सायकलपटूचे सामर्थ्य जोखणारा म्हणून त्याची ख्याती होती. कोप्पी त्याच्या हाताखाली तयार झाला.

डोंगरातील माणूस खिंड ओलांडून कामासाठी परमुलखात जात असे. त्याचाही सायकलच्या इतिहासाशी संबंध आहे. १९०३ साली पहिली 'टूर द फ्रान्स' जिंकणारा मोरिस गारँ हा जन्माने आओस्ता दरीतील आर्व्हिए गावचा. कुटुंबाबरोबर तो बालपणीच फ्रान्समध्ये गेला व धुराडी साफ करण्याचे काम करू लागला. फ्रान्सच्या राष्ट्रीय शर्यतीचा पहिला विजेता अशा रीतीने एक डोंगरपार आलेला मजूर होता. त्याचे आर्व्हिए गावही उतारावरील द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील वाइनचे नाव 'आँफेर', म्हणजे नरक, असे आहे. उन्हाने तापणाऱ्या त्या खडकाळ उतारावरून हे नाव पडले.

आरंभीच्या शर्यती मोठ्या पर्वतांना टाळून जात. पुढे वृत्तपत्रांच्या स्पर्धेमुळे हे चित्र पालटले. 'टूर' ही 'लोतो' या दैनिकाने व 'जीरो' ही १९०९ साली 'गाझेट्टा देल्लो स्पोर्ट' या पत्राने सुरू केली. वाचकांस रोज नवे नवल हवे असे. १९१० साली टूर पिरेनीजच्या उंच खिंडींवर गेली. १९११ साली आल्प्समधील गालिबिएवर. त्याच वर्षी जीरो सेस्त्रीएरे चढून गेली. व्हार आणि इझोआर या खिंडी टूरच्या मार्गात १९२२ मध्ये आल्या. येथून 'कोल' या शब्दाच्या अर्थात सूक्ष्म पालट झालेला दिसतो. मेंढपाळाच्या व व्यापाऱ्याच्या दृष्टीने खिंड म्हणजे डोंगरातील सर्वांत कमी उंचीची, सोयीची जागा. सायकलपटूंच्या बोलीत ती सर्वांत उंच, अवघड जागा झाली. मराठीतही याला समांतर उदाहरण आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणतात. बैलांचे तांडे ज्या घाटाने उतरत त्यांच्या लेखी घाटाला राजा नव्हता. फार तर जकातदार होता.

६

१९४० ची जीरो ९ जून रोजी मिलान येथे संपली. वीस वर्षांचा कोप्पी ती जिंकला. दुसऱ्याच दिवशी इटली युद्धात उतरली. पुढे कोप्पी सैनिक म्हणून उत्तर आफ्रिकेत गेला आणि १९४३ मध्ये ब्रिटिशांचा युद्धकैदी झाला. कूनेओ–पिनेरोलो टप्प्याची तारीख १० जून १९४९ होती. युद्धाच्या घोषणेस त्या दिवशी बरोबर नऊ वर्षे झाली होती. आयोजकांनी ही तारीख मुद्दाम निवडली असे मानण्यास आधार नाही. परंतु योगायोग नोंदविण्यासारखा आहे.

त्या दिवशी सकाळी शर्यतीतील आघाडीची गुलाबी जर्सी आदोल्फो लेओनी याच्या अंगावर होती. रस्ते बहुतांशी कच्चे, हवा पावसाळी. माद्दालेनाच्या चढावर कोप्पी पुढे निघाला व मग पिनेरोलोपर्यंत, १९२ किलोमीटर, तो एकटाच होता. बार्ताली, त्याच्याहून पाच वर्षांनी ज्येष्ठ आणि तोवर दोन वेळा टूरचा विजेता, ११ मिनिटे ५२ सेकंदांनी दुसरा आला. तिसरा आल्फ्रेदो मार्तीनी १९ मिनिटांहून अधिक अंतराने. नभोवाणीवरील समालोचक मारिओ फेर्रेत्ती याने एकच माणूस आघाडीवर असल्याचे ज्या शब्दांत सांगितले, ते शब्द इटालियन भाषेत वाक्प्रचार होऊन बसले. कादंबरीकार दीनो बुत्साती त्या वर्षी 'कोरिएरे देल्ला सेरा' या दैनिकासाठी शर्यतीची वार्तापत्रे लिहीत होता. कोप्पी–बार्ताली या द्वंद्वास त्याने अकिलीस व हेक्टर यांची उपमा दिली. कोप्पीने ती जीरो जिंकली, त्याच उन्हाळ्यात टूरही जिंकली. एका वर्षी दोन्ही जिंकणारा तो पहिलाच.

आता हाच दिवस मार्गाच्या दृष्टीने पाहावा. कोप्पी बोर्गो सान दाल्मात्सोवरून गेला, जेथून सहा वर्षांपूर्वी माणसांनी भरलेली आगगाडी सुटली होती. माद्दालेनाला त्याने जी सीमा ओलांडली ती १७१३ ची. व्हारला तो जुन्या, विसरलेल्या सीमेवरून गेला. माँजनेव्रला त्याच्या डोक्यावर शाबर्तोंचे शिखर होते; १९४७ च्या शांतता तहाने ते फ्रान्सकडे गेले होते. सेस्त्रीएरेहून उतरताना त्याने प्राजेलातो हे पूर्वीच्या एस्कार्तोंचे मुख्य गाव व मग फेनेस्त्रेल्लेचा दुर्ग मागे टाकला. खाली पेरोसा येथे दरी रुंदावते. तेथील खड्या उतारावरील मजग्यांत पुन्हा द्राक्षवेली दिसू लागतात. द्राक्षांच्या टेकडीवर जन्मलेला माणूस पाच खिंडी ओलांडून द्राक्षांच्या उतारापाशी आला. वाटेत ज्या दऱ्या लागल्या त्या सर्वांत बकरीला 'चाब्रो' म्हणत होते.

या टप्प्याने सीमेवरील वैमनस्य मिटले असे म्हणता येणार नाही. पुढच्याच महिन्यात टूर ब्रियांसाँहून आओस्ताकडे आली तेव्हा इटलीच्या हद्दीत फ्रेंच सायकलपटूंना प्रेक्षकांचा रोष सोसावा लागला. १९५० मध्ये पिरेनीजमधील आस्पँ खिंडीत फ्रेंच प्रेक्षकांनी बार्तालीशी दांडगाई केली व इटालियन संघांनी शर्यत सोडली. राष्ट्रीय शर्यत राष्ट्रीय भावनेवरच पोसली जाते, हे विसरता येत नाही.

७

पुढील काळात दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकत्र विचार करावा लागतो.

पहिली गोष्ट मार्गाच्या नावाची. १९६४ व १९८२ साली जीरोने पाच खिंडींचा तोच मार्ग पुन्हा घेतला. अनुक्रमे फ्रान्को बितोस्सी आणि जुझेप्पे सारोन्नी विजयी झाले. २००९ व २०१९ मध्येही 'कूनेओ–पिनेरोलो' असा टप्पा झाला. परंतु या दोन्ही वेळी शर्यत फ्रान्समधील खिंडींवरून गेलीच नाही. नाव तेच राहिले, नावाने दर्शविलेली वस्तू बदलली. शब्दार्थाच्या इतिहासात असे नेहमी घडते. कोप्पीचे खेडेही २०१९ पासून 'कास्तेल्लानिया कोप्पी' या नावाने ओळखले जाते.

दुसरी गोष्ट लोकांची. कूनेओचे लेखक नूतो रेव्हेल्ली, जे स्वतः युद्धात प्रतिकार-दलाचे नायक होते, त्यांनी शेकडो वृद्ध शेतकऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या व १९७७ साली 'पराभूतांचे जग' अशा अर्थाच्या नावाने त्या प्रसिद्ध केल्या. या ग्रंथात उंच दऱ्यांतील लोक आहेत, तसेच लांगेच्या द्राक्षप्रदेशातीलही आहेत. दोघांची हकिकत सारखीच आहे: कर्ज, युद्धात गेलेले मुलगे, तोरीनोच्या व इतर शहरांच्या कारखान्यांकडे लागलेली रीघ, बंद पडलेली घरे. पुढे द्राक्षांच्या टेकड्या सावरल्या. त्यांची वाइन जगभर जाऊ लागली. उंच दऱ्या सावरल्या नाहीत. इटलीने १९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याने ऑक्सितानला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता दिली; परंतु मान्यता आली तोवर ती घरात बोलणाऱ्यांची संख्या बरीच घटली होती. फ्रान्सच्या बाजूस तर ती वृद्धांपुरतीच उरली आहे.

येणेप्रमाणे खिंडींची नावे आज पूर्वी कधी नव्हती इतकी लोकांच्या तोंडी आहेत, आणि ज्या भाषेच्या लोकांनी त्या खिंडी राबत्या ठेवल्या ती भाषा तेथून उठून चालली आहे. शर्यतीस याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. तिने निदान नावे तरी जिवंत ठेवली. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने उंचीच्या आकड्यांवर समाधान मानू नये. खिंडीचा इतिहास हा ती कोणी जिंकली याचा इतिहास नाही. ती कोणासाठी उघडी होती व कोणासाठी बंद होती, याचा तो इतिहास आहे. हा प्रश्न संपलेलाही नाही. १९९० च्या दशकात फ्रान्स व इटली यांच्यामधील सीमेवरची नित्याची तपासणी बंद झाली. २०१५ पासून फ्रान्सने ती पुन्हा सुरू केली. त्यानंतरच्या हिवाळ्यांत आफ्रिका व आशियातील स्थलांतरित रात्री बर्फातून माँजनेव्रची खिंड पायी ओलांडू लागले, आणि त्यांतील काहींचा वाटेत अंत झाला. उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर सायकलपटूंना टाळ्या मिळतात.

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस एकच मराठी बोलली जाते. देश आणि कोकण यांच्यामधील घाटांवर कोणत्याही तहाने कायमची आंतरराष्ट्रीय सीमा आखली नाही, हे आपण सहसा गृहीत धरतो. आल्प्समधील या मार्गाचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी नाही, हे ध्यानात येते. तेथेही डोंगराने लोकांना तोडले नव्हते. पाण्याच्या उतारावरून मुलूख वाटून घेण्याची कल्पना दूरच्या शहरात बसलेल्या माणसांची होती. तिची किंमत मात्र ज्यांच्या घराच्या मध्यातून ती रेषा गेली त्यांनी दिली.